स्तूपाचा घुमट आणि संथागाराचा उंबरठा

आपल्या देशातील शासकीय व सार्वजनिक वास्तूंचा विचार करताना बौद्ध विद्येच्या अभ्यासकास एक विसंगती सतत जाणवत राहते. दिल्लीपासून आंध्रापर्यंत आणि भोपाळपासून पाटण्यापर्यंत राज्यकर्त्यांनी आपल्या इमारतींसाठी स्तूपाचा अंड, चैत्याची कमान, सांचीची वेदिका आणि सारनाथचे सिंह मोठ्या हौसेने उचलले आहेत. परंतु लोकांनी एकत्र बसून कारभार पाहण्याची जी वास्तू पाली साहित्यात प्रत्यक्ष वर्णिलेली आहे, तिची विचारपूस मात्र कोणी केलेली दिसत नाही. त्या वास्तूचे नाव संथागार. स्तूप हे स्मारक होय, संथागार हे सभागृह होय. सभागृहावर स्मारकाचा घुमट चढविल्याने काय साधले आणि काय हरवले, हे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे. शिल्पकौशल्याचे मूल्यमापन त्या विषयातील तज्ज्ञांनी करावे; आमची मोजपट्टी निकायांतून घेतलेली आहे.

मज्झिम निकायातील सेख सुत्ताचा प्रारंभ या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे संथागार बांधले होते. त्यात अद्याप कोणी श्रमण, ब्राह्मण वा अन्य माणूस राहिलेला नव्हता. शाक्य निग्रोधारामात भगवंतांकडे गेले आणि त्यांनी विनंती केली की, या वास्तूचा पहिला उपयोग आपण करावा, मागाहून आम्ही करू. भगवंतांनी मौनाने संमती दिली. मग शाक्यांनी काय केले? सगळ्या जमिनीवर बिछायत घातली, आसने मांडली, पाण्याचा रांजण ठेवला आणि तेलाचा दिवा लावला. भगवंत पाय धुऊन आत आले व मधल्या खांबाशी पूर्वेकडे तोंड करून बसले. भिक्षुसंघ पश्चिमेच्या भिंतीशी पूर्वाभिमुख बसला, शाक्य पूर्वेच्या भिंतीशी पश्चिमाभिमुख बसले. रात्र बरीच होईपर्यंत धम्मकथा चालली. पुढे पाठ दुखू लागली तेव्हा भगवंतांनी आनंदास बोलावयास सांगितले आणि स्वतः संघाटी अंथरून आडवे झाले.

संपूर्ण वर्णन एवढेच. भिंती, खांब, बिछायत, पाणी आणि दिवा यांपलीकडे तपशील नाही. शिखर किती उंच होते, कोणता दगड कोठून आणला, याविषयी एक अक्षर नाही. पावा येथील मल्लांच्या नव्या संथागाराचे उब्भतक हे नाव त्याच्या उंचीमुळे पडले असावे, अशी शक्यता अट्ठकथा नोंदविते. तेवढाच काय तो अपवाद. आणि त्या उब्भतकातदेखील सुत्ताचे लक्ष आहे ते सारिपुत्ताने तेथे धम्माची संख्यावार जी संगीती केली तिच्याकडे. कुसिनारेस आनंद महापरिनिर्वाणाची वार्ता घेऊन गेला, तेव्हा मल्ल संथागारातच जमलेले होते. पुढे भगवंतांच्या अस्थीही सात दिवस तेथेच ठेवल्या गेल्या. वैशालीच्या संथागारात लिच्छवी बुद्ध, धम्म व संघ यांची प्रशंसा करीत होते, ती निगंठांचा उपासक असलेल्या सिंह सेनापतीच्या कानी पडली. म्हणजे या वास्तूत राज्यकारभार होतो, वाद होतो, शोक होतो आणि विरुद्ध पक्षाचा माणूसही ऐकत बसलेला असतो.

संथागार ही आदर्श लोकशाहीची वास्तू होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अलीकडे आपल्या व्यासपीठांवरून तसे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. दीघ निकायात अंबट्ठ नावाचा तरुण ब्राह्मण तक्रार करतो की, आपण कपिलवस्तूच्या संथागारात गेलो असता उंच आसनांवर बसलेले शाक्य एकमेकांना बोटांनी डिवचून हसत होते आणि आपणांस कोणी बसा म्हटले नाही. भगवंत त्याला उत्तर देतात की, लहानसा पक्षीदेखील आपल्या घरट्यात हवे ते बोलतो, मग कपिलवस्तू तर शाक्यांचे स्वतःचे घर आहे. अंबट्ठाचा कुलाभिमान उतरविणे हा त्या सुत्ताचा हेतू आहे, हे खरे. तथापि संथागार हे क्षत्रिय कुळांचे घर होते आणि दास-कम्मकरांना तेथे आसन नव्हते, हेही त्यातून उघड होते. ही मर्यादा ओलांडली ती संघाने. शाक्य कुमारांनी आपल्या आधी उपालि न्हाव्यास प्रव्रज्या देण्याची विनंती केली, ती आपणांस त्याला वंदन करावे लागावे म्हणून. संघात आसनाचा क्रम जन्मावर न राहता उपसंपदेच्या वर्षांवर ठरला. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत अजित नावाच्या भिक्षूची आसने मांडण्याच्या कामी रीतसर नेमणूक झाली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघाच्या ज्या संसदीय नियमांचा उल्लेख केला, त्यांत आसनव्यवस्थेचे नियम अग्रभागी होते, ते उगीच नव्हे.

कोठे बसता येते आणि उंबरठा कोणाला ओलांडता येतो, हा प्रश्न आमच्या वाचकांना पुस्तकातून शिकवावा लागत नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने तो १९२४ साली आपल्यापुरता स्वीकारला. तरीही चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. सार्वजनिक वास्तूचे समीक्षण करताना आम्ही दर्शनी बाजूपेक्षा दाराकडे आधी पाहतो, त्याचे कारण हे आहे.

आता स्तूपाकडे वळू. सांचीचा मोठा स्तूप भरीव आहे. त्याला आत जागा नाही, म्हणून आत कोणी बसू शकत नाही आणि बसणाऱ्यांत उच्चनीचही होऊ शकत नाही. जो येईल त्याने चार तोरणांपैकी एकातून आत यावे आणि प्रदक्षिणापथावरून चालावे, एवढेच. सांचीच्या वेदिकेवर व फरसबंदीवर शेकडो दानलेख आहेत. त्यांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत, विणकर आहेत, व्यापारी आहेत, संपूर्ण गावे आहेत. दक्षिण तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याची नोंद त्या तोरणावरच आहे. सातवाहन राजाचे नावही त्याच तोरणावर येते, पण दाता म्हणून नव्हे. राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याने दान दिले, असा तो लेख आहे.

हा स्तूप दिल्लीत राजवाड्याच्या माथ्यावर गेला. एडविन ल्यूटन्स यांनी व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या भवनाचा घुमट सांचीवरून घेतलेला आहे आणि त्याच्या गळ्याशी वेदिकेची नक्षी स्पष्ट दिसते. १९३१ साली नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. त्या घुमटाच्या बरोबर खाली दरबार हॉल, आणि दरबार हॉलमध्ये व्हाइसरॉय व त्यांच्या पत्नीची सिंहासने. ज्या आकृतीत कोणालाही बसावयास जागा नव्हती, तिच्या पोटात एका माणसाची सर्वांत उंच जागा निर्माण करण्यात आली. घुमट पाहण्यास भारदस्त आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण अर्थाच्या दृष्टीने सांचीचा इतका संपूर्ण विपर्यास दुसरा आढळणार नाही.

काळाने त्यात थोडी दुरुस्ती केली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी १५ ऑगस्ट १९४७ रोजी याच घुमटाखाली झाला. बाबासाहेब त्या मंत्रिमंडळाचे कायदामंत्री होते. पुढे तेथे पाचव्या शतकातील गुप्तकालीन बुद्धमूर्ती आली, आणि रामपूर्वा येथील अशोकस्तंभाचा वृषभ प्रवेशस्थानी उभा राहिला. २०२४ साली दरबार हॉलचे गणतंत्र मंडप असे नामांतर झाले. सिंहासनाच्या जागी बुद्धमूर्ती येणे, ही घटना दिसते त्याहून मोठी आहे. परंतु ती ल्यूटन्सच्या आराखड्यात नव्हती. वस्तू हलविणाऱ्यांच्या हातून ती घडून आली.

विज्ञान भवनाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. १९५६ साली युनेस्कोच्या अधिवेशनासाठी ते बांधले गेले आणि त्याच्या प्रवेशद्वारी प्रचंड चैत्यकमान उभारण्यात आली. भाजे व कार्ले येथील चैत्यगवाक्षाचे काम प्रकाश आत घेऊन तो टोकाच्या स्तूपावर सोडणे हे आहे. दिल्लीच्या कमानीच्या वाट्याला मोटारीतून उतरणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत आले. ते अधिवेशन भरण्यापूर्वी काही आठवडेच नागपुरात १४ ऑक्टोबरचा धम्मदीक्षा सोहळा झाला, आणि तो झाला उघड्या मैदानावर.

भोपाळचे विधान भवन अधिक गांभीर्याने घ्यावे लागते, कारण चार्ल्स कोरिया यांनी सांची नुसती वरून आणलेली नाही. भोपाळहून सांची पन्नासेक किलोमीटरवर आहे. वर्तुळाकार आराखडा, अंगणांमागून अंगणे, आणि विधानसभेवर सांचीची आठवण देणारा घुमट, अशी ही वास्तू १९९० नंतरच्या दशकात पूर्ण झाली व १९९८ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला. इमारत माणसाला दडपून टाकीत नाही. तिच्यात चालावेसे वाटते. मात्र तिला मुख्य दारे तीन आहेत. एक सामान्य जनतेचे, एक आमदारांचे आणि एक राज्यपाल, अध्यक्ष आदी मान्यवरांचे. सुरक्षिततेसाठी त्यांचे मार्ग एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागले. सांचीच्या चार तोरणांना चार दिशा आहेत, चार दर्जे नाहीत. हा दोष आम्ही कोरियांच्या पदरी बांधीत नाही. शासनाने मागणीच तशी केली होती, आणि आज देशातील कोणत्याही विधिमंडळाची मागणी तशीच असते. परंतु वर्तुळ आणि घुमट यांनी समतेचा जो भास निर्माण होतो तो दाराशी तुटतो, हे समीक्षकाने सांगितले पाहिजे. पुरस्काराच्या कौतुकात ते राहून गेले.

या उसनवारीची दुसरी बाजू अधिक क्लेशदायक आहे. ज्या स्तूपांच्या आकृती आज शासनाला हव्याशा वाटतात, त्यांपैकी काही सार्वजनिक बांधकामांनीच खाल्लेले आहेत. १७९४ साली काशीच्या राजा चेतसिंगाचा दिवाण जगतसिंग याने सारनाथचा धर्मराजिका स्तूप फोडून त्याच्या विटा जगतगंज ही पेठ बांधण्यासाठी नेल्या. आतील करंडकात अस्थी सापडल्या, त्या गंगेत सोडण्यात आल्या. पुढे वरुणा नदीवरील पुलाच्या संरक्षणासाठी सारनाथच्या मूर्ती पाण्यात टाकल्या गेल्या. कनिंगहॅम यांनी त्यांची संख्या चाळीसहून अधिक दिली आहे. त्याच सुमारास आंध्रात जमीनदार वासिरेड्डी व्यंकटाद्री नायडू यांनी अमरावती येथे आपली नवी राजधानी वसविली आणि तिच्या बांधकामासाठी तेथील महाचैत्याचे दगड उपसले गेले. कॉलिन मॅकेन्झी तेथे पोहोचले तोवर मोडतोड सुरू झालेली होती. उरलेली शिल्पे पुढे मद्रास आणि लंडन यांच्या वाट्याला गेली.

त्याच परिसरात आंध्र प्रदेशाची नवी राजधानी उभारण्याचे ठरले आणि २०१५ साली तिला नाव मिळाले अमरावती. नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने उच्च न्यायालयाचा जो आराखडा केला, त्यात पायऱ्यापायऱ्यांचे छत असून ते प्राचीन स्तूपांवरून सुचल्याचे सांगण्यात आले. सरकारे बदलली तशी कामे थांबली आणि २०२५ साली पुन्हा सुरू झाली. एका राजधानीने स्तूप मोडून घरे बांधली, दुसरी राजधानी घरालाच स्तूप करू पाहते. दोन शतकांपूर्वी विद्रूप केलेल्या महाचैत्याचे आज तेथे मातीचे जोते आणि थोडे दगड उरले आहेत. न्यायालयाच्या छताकडे पाहणाऱ्यास ही हकिकत त्या इमारतीत कोठे वाचावयास मिळेल काय? स्तूपाचे नाव घ्यावयाचे तर त्याच्या विध्वंसाची नोंद दर्शनी भागात कोरणे, हे किमान ऋण आहे.

सारनाथच्या सिंहांचेही असेच आहे. १९०४-०५ च्या उत्खननात ओर्टेल यांना तो स्तंभशीर्ष मिळाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी तो राष्ट्राची मुद्रा झाला. मूळ शिल्पात सिंहांच्या वर मोठे धम्मचक्र होते. त्याचे तुकडे सारनाथलाच मिळाले. म्हणजे सिंह हे चक्राचे वाहक होत. मुद्रेत चक्र पायाशी राहिले, वरचे गेले आणि खाली मुंडक उपनिषदातील वचन आले. जुलै २०२२ मध्ये नव्या संसद भवनाच्या माथ्यावर साडेसहा मीटर उंचीची, ९५०० किलो वजनाची काशाची प्रतिकृती बसविण्यात आली, तेव्हा सिंहांचे जबडे अधिक उघडे आहेत काय, यावर देशभर वाद माजला. दातांवर इतका खल झाला; डोक्यावरच्या चक्राची आठवण फार थोड्यांना झाली. मूळ पूर्ण करण्याची संधी होती, ती अशी वाया गेली.

त्या भवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते, होमहवन, सर्वधर्म प्रार्थना आणि राजदंडाची स्थापना यांसह झाले. राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन का नाही, असे म्हणून विरोधी पक्षांपैकी अनेकांनी बहिष्कार घातला. नव्या सभागृहात प्रथम कोणी प्रवेश करावा हा प्रश्न क्षुल्लक नाही. शाक्यांपुढेही तो होता, आणि त्यांनी तो राजदंडाशिवाय, पाण्याच्या रांजणावर व तेलाच्या दिव्यावर भागविला होता. जुन्या संसद भवनात लोकसभाध्यक्षांच्या आसनावर धर्मचक्रप्रवर्तनाचे शब्द कोरलेले होते, याचीही येथे नोंद करावी.

उत्तर प्रदेश व बिहार यांचा उल्लेख आवश्यक आहे, पण तो संक्षेपाने करतो. लखनौच्या आंबेडकर स्मारकावर खर्चाच्या नावाने जी टीका झाली, ती करणाऱ्यांनी इतर राजघाटांच्या व पुतळ्यांच्या खर्चाचा हिशेब क्वचितच मागितला. ती टीका आम्हांस मान्य नाही. आमची तक्रार निराळी आहे. दगड, हत्ती आणि पुतळे यांच्या मानाने बसून चर्चा करण्याची जागा तेथे गौण झाली, आणि हयात नेत्याचा पुतळा उभारून स्मारकाची मर्यादा ओलांडली गेली. पाटण्याचे बुद्ध स्मृती उद्यान मात्र स्थाननिवडीमुळे लक्षात राहते. जुन्या बांकीपूर तुरुंगाच्या जागेवर उभारलेले ते उद्यान २०१० साली दलाई लामांच्या हस्ते खुले झाले.

राहिली नागपूरची दीक्षाभूमी. शिवदानमल यांच्या आराखड्यानुसार १९७८ साली काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी या स्तूपाचे उद्घाटन केले. ल्यूटन्सच्या सांचीखाली राहणारा, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात जन्मलेला राष्ट्रपती या सांचीच्या उद्घाटनास आला, हा योगायोग इतिहासाने नोंदवावा असा आहे. घुमटाचा व्यास सुमारे १२० फूट, म्हणजे जवळजवळ सांचीइतकाच. परंतु तो पोकळ आहे. स्तूप पोकळ कसा, असा शास्त्रीय आक्षेप घेता येईल आणि परंपरेच्या काटेकोर अर्थाने तो बरोबरही ठरेल.

तरीही आमचा कौल दीक्षाभूमीच्या बाजूने आहे. भरीव स्तूपाच्या पोटी अस्थी असतात. येथे बाबासाहेबांच्या अस्थी मध्यभागी आहेत आणि त्यांच्याभोवती माणसे बसतात. चार दिशांना चार दारे आहेत, आणि कोणते दार कोणाचे असा भेद नाही. मधल्या खांबाशी भगवंत आणि भोवती लोक, ही कपिलवस्तूच्या त्या रात्रीची मांडणी येथे जाणता-अजाणता अवतरली आहे. स्तूप आणि संथागार या दोन वास्तूंचा संयोग दिल्लीलाही करावयाचा होता. तेथे मध्यभागी सिंहासन आल्याने तो फसला. नागपुरात मध्य अस्थींना दिला गेला, म्हणून तो जमला. शिल्प म्हणून दीक्षाभूमीत उणिवा आहेत. आतील आवाज घुमतो, आणि बाहेरच्या तोरणांचे कोरीव काम सांचीच्या जवळपासही जात नाही. पण सार्वजनिक वास्तूची कसोटी तिचे लोक तिच्याशी कसे वागतात ही असेल, तर १ जुलै २०२४ ची घटना आठवावी. आवारात भूमिगत वाहनतळाचे काम सुरू होते. स्तूपास धोका पोहोचेल या भीतीने हजारो अनुयायी जमले आणि काम बंद पाडले. साहित्याची जाळपोळही झाली. शासनाने त्याच दिवशी विधिमंडळात स्थगिती जाहीर केली. जाळपोळीचे समर्थन धम्मात होऊ शकत नाही. परंतु आराखडा आधी लोकांपुढे मांडला असता, ञत्ति मांडून व ठराव तीनदा ऐकवून संमती विचारण्याची संघाची साधी रीत पाळली असती, तर ही वेळ आली नसती, असे आमचे मत आहे.

अखेर आपल्याच विहारांविषयी व समाजमंदिरांविषयी. कुलावक जातकात मघ आणि त्याचे सोबती रस्ते सपाट करतात, पाण्याची तळी खोदतात आणि चव्हाट्यावर एक मोठी शाला बांधावयास घेतात. स्त्रियांना या पुण्यात वाटा द्यावयाचा नाही, असे त्यांनी ठरविलेले असते. सुधम्मा नावाची स्त्री सुताराला हाताशी धरते आणि शालेच्या शिखराची कण्णिका आधीच वाळवून, तासून तयार करून ठेवते. शिखर चढविण्याची वेळ येते तेव्हा वाळलेले लाकूड कोठे मिळत नाही. सुधम्मा मोल घेण्यास नकार देते. वाटा दिला तरच कण्णिका देईन म्हणते. सोबत्यांना ते मान्य करावे लागते. पुढच्या अट्ठकथेत तर त्या शालेला सुधम्मेचेच नाव पडते.

आमच्या वस्त्यांतून आज सिमेंटची सांची तोरणे झपाट्याने उभी राहत आहेत. वर्गणीचा मोठा हिस्सा त्यांत जातो. मागे उरते ती एक खोली आणि आमदारनिधीची कोनशिला. विदिशेच्या कारागिरांप्रमाणे गवंड्याचे नाव कोठे नसते. ज्या स्त्रियांनी मूठमूठ धान्य जमवून पाया भरला, त्यांचेही नसते. एका वस्तीतील नव्या विहाराचा नकाशा मध्यंतरी आमच्याकडे अभिप्रायासाठी आला होता. तोरणाची उंची निम्मी करावी, दाराशी पाण्याची सोय करावी, आत आणखी पन्नास माणसे बसतील एवढी जागा वाढवावी आणि वर्गणी देणाऱ्या सर्वांची नावे आतल्या भिंतीवर लिहावीत, एवढे आम्ही कळविले आहे.